काय दिवे लावणार, ते सांगते

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहात उलट विचारलं, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत? गदारोळ झाला, बातम्या झाल्या आणि विषय मागे पडला. मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी तो सभागृहाच्या कितीतरी आधी घरात ऐकलेला असतो. "समाजशास्त्र? त्यात काय शिकायचं? समाज तर रोज दिसतोच की." मामा विचारतो, शेजारचे काका विचारतात, शैक्षणिक कर्जाचा फॉर्म उलटसुलट करत बँकेतला साहेबही विचारतो.

घरच्यांचा प्रश्न आणि सत्तेचा प्रश्न शब्दांनी सारखाच आहे, पण दोघांची काळजी एक नाही. घरच्यांना भाकरीची काळजी असते. सत्तेला कशाची असते, ते समजायला फार लांब जावं लागत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नवे नियम काढले. ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींनी परदेशात उच्च शिक्षण घ्यावं, म्हणून ती आहे. अख्ख्या देशासाठी जागा किती? १२५. त्या वर्षीच्या नियमांत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय घेणाऱ्यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही.

म्हणजे तुम्ही शेतमजुराची लेक असाल तर सरकारच्या पैशाने परदेशात जाऊन रसायनशास्त्र शिका, व्यवस्थापन शिका, संगणक शिका. तुमच्या गावातली जमीन कोणाच्या नावावर आहे आणि का आहे, एवढं मात्र शिकू नका. कारण काय दिलं? या विषयांचं साहित्य आणि तज्ज्ञ देशातच भरपूर आहेत. मग इंजिनिअरिंगचे तज्ज्ञ देशात नाहीत का? आयआयटी काय परदेशात आहेत? १२५ जागांमधून नेमका एकच विषय बाहेर काढला जातो, तेव्हा तो निरुपयोगी आहे म्हणून काढत नाहीत. निरुपयोगी गोष्टीवर बंदी घालण्याचे कष्ट कोणी घेत नसतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद केल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. महाराष्ट्रात बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या मुलामुलींना आझाद मैदानात बसावं लागलं. कोणाला काय शिकू द्यायचं, हा हिशेब वरून फार काटेकोरपणे चालू आहे. म्हणून आपणही तो आपल्या बाजूने मांडला पाहिजे.

मी परभणी जिल्ह्यातली, घरातली पहिली पदवीधर. समाजशास्त्रात एमए करून सध्या चेन्नईत पीएचडी करते. तमिळ शिकायला दीड वर्ष गेलं, अजूनही भाजीवाल्या बाई माझं बोलणं ऐकून हसतात. पण या शहरात राहून एक गोष्ट मला पुस्तकापेक्षा जास्त पटली. समाजाचा अभ्यास कोण करतं, यावर कोणाला काय मिळतं हे ठरतं. त्याचा पुरावा याच शहराच्या इतिहासात आहे.

१९१३ साल. मद्रास इलाख्यात सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर अलेक्झांडर कार्ड्यू नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जातवार आकडे ठेवले. इलाख्यात ब्राह्मणांची लोकसंख्या साधारण ३ टक्के. १४० डेप्युटी कलेक्टरांपैकी ब्राह्मण ७७. १२८ जिल्हा मुन्सिफांपैकी ९३. डिसेंबर १९१६ मध्ये पी. त्यागराय चेट्टी यांच्या सहीने ‘ब्राह्मणेतर जाहीरनामा’ निघाला आणि त्यात हे आकडे लोकांसमोर आले. यातून जस्टिस पार्टीचं राजकारण उभं राहिलं आणि १९२० च्या दशकात नोकऱ्यांमध्ये जातवार प्रतिनिधित्वाचे सरकारी आदेश निघाले. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणातला तसा आदेश रद्द केला. मद्रासमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं. तेव्हा कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तुमच्या-माझ्या कॉलेज प्रवेशाचा कायदेशीर आधार या रस्त्याने आलेला आहे.

आता विचार करा. कचेरीत सगळे साहेब एकाच जातीचे आहेत, हे मद्रासच्या शेतकऱ्याला १९१३ च्या आधी दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. अर्ज घेऊन गेलं की दिसत होतं, हाकलून दिलं की दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. १४० पैकी ७७ असं कागदावर येईपर्यंत ते प्रत्येकाचं आपापलं नशीब होतं. मोजल्यावर ते नशीब राहिलं नाही, अन्याय झालं, आणि अन्यायावर मागणी करता येते.

"आम्ही जात जगलोय, आम्हाला पुस्तक काय शिकवणार?" असं म्हणणाऱ्या मित्रांना माझं उत्तर हेच आहे. अनुभव खरा असतोच. पण कुठे दुखतंय एवढंच तो सांगतो. का दुखतंय, हे तो बऱ्याचदा चुकीचंही सांगतो. वर्गात इंग्रजीत बोलायची वेळ आली की जीभ जड होते आणि आपण म्हणतो, मीच कमी पडले. मुलाखतीत आडनाव विचारल्यावर समोरच्याचा सूर बदलतो आणि आपण म्हणतो, माझीच तयारी नव्हती. आपल्यातल्या हुशार पोरांनी अशी कितीतरी वर्षं स्वतःला दोष देण्यात घालवली आहेत. अजंता सुब्रमण्यन यांनी याच शहरातल्या आयआयटी मद्रासचा अभ्यास करून २०१९ मध्ये एक पुस्तक लिहिलं. गुणवत्ता म्हणून जे मिरवलं जातं, त्याच्या खाली पिढ्यान् पिढ्या साठलेलं जातीचं भांडवल कसं असतं, हे त्यात उलगडून दाखवलं आहे. वाचताना मला वाटलं, हे एमएला नाही, अकरावीलाच वाचायला मिळायला हवं होतं. किती मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त मजबूत आहे. "हे सगळं ठीक आहे, पण आपल्याला आधी नोकरी पाहिजे. पोरगा इंजिनिअर झाला, शहरात गेला, पगार आला की जात आपोआप मागे पडते." हे ऐकायला खरं वाटतं. मलाही ते खरं ठरलेलं आवडलं असतं.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीत एका दलित तरुणाचा खून झाला. तो सॉफ्टवेअर इंजिनिअर होता, चेन्नईत नोकरीला होता. आपल्या घरांत ज्याला ‘सेटल होणं’ म्हणतात, ते सगळं त्याच्याकडे होतं: पदवी, शहर, पगार. त्याचं प्रेम वेगळ्या जातीतल्या मुलीवर होतं आणि खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती तिच्या भावाला. आपल्याकडे सोनई २०१३ मध्ये झालं, खर्डा २०१४ मध्ये. पेरियारांची भूमी असो की फुले-शाहू-आंबेडकरांची, मुलीने जातीबाहेर पाहिलं की कोयता निघतो. पगाराची स्लिप तो कोयता अडवू शकत नाही.

का निघतो, याचं उत्तर एका विद्यार्थ्याने शंभर वर्षांपूर्वी दिलेलं आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र शिकले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. मद्रासचा जाहीरनामा निघाला तेच वर्ष. जात म्हणजे फक्त धंद्याची वाटणी किंवा शुद्धतेची कल्पना, हे त्यांनी मान्य केलं नाही. जातीतल्या जातीत लग्न, या एका नियमावर जात उभी असते, असं त्यांनी मांडलं. तो नियम टिकवायचा तर बाईला ताब्यात ठेवावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, लहानपणी लग्न या सगळ्या त्या ताब्याच्या रीती. तिरुनेलवेलीचा खून समजून घ्यायचा तर या निबंधापाशी यावं लागतं. आणि २०२२ च्या कलमाने हाच निबंध अपात्र ठरवला असता: परदेशी विद्यापीठ, भारतीय समाजाचा विषय, शिष्यवृत्ती नामंजूर.

आणि हा निबंध शेजारच्या जातीबद्दल जेवढा आहे, तेवढाच आपल्या घराबद्दलही आहे. माझ्या लग्नाची चर्चा घरात निघते, तेव्हा स्थळं कुठली येतात? आपल्यातलीच. आपल्यातही पोटजात बघूनच. चौकात बाबासाहेबांचा पुतळा आणि पत्रिकेत पोटजात, हे आपल्या घराघरांत चालतं. बायांचं मोबाइल, शिक्षण, येणंजाणं का तपासलं जातं, याचं उत्तर त्याच पानांवर आहे. समाजाचा अभ्यास हा असा दोन्हीकडून कापतो. कदाचित म्हणूनच तो आपल्यातल्या काही पुढाऱ्यांनाही फारसा आवडत नाही.

आता इंजिनिअरिंगचीच गोष्ट घेऊ. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी मैल्याच्या टाक्या साफ करणारा ‘होमोसेप’ नावाचा रोबोट तयार केला आहे. चांगलं काम आहे. असे आणखी शंभर रोबोट यावेत. पण माणसाच्या हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा झाला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई तिप्पट करावी लागते, याचा अर्थ माणसं अजून मरताहेत. यंत्र आहे, कायदा आहे, निकाल आहे. तरी टाकीत उतरणारा माणूस त्याच जातीचा का असतो? यंत्र घ्यायचं की माणूस उतरवायचा, हे ठेकेदार कशावरून ठरवतो? माणूस स्वस्त का पडतो? हे प्रश्न यंत्रशाळेत सुटत नाहीत. ते सोडवायला जात, मजुरी, कंत्राट, महानगरपालिका आणि राजकारण यांचा अभ्यास लागतो. रोबोट बनवणाऱ्यालाही तो लागेल, नाहीतर रोबोट गोदामात पडून राहील आणि माणूस टाकीत उतरेल.

माझं संशोधन याच प्रश्नाच्या आसपास आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नई महानगरपालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर सफाई कामगारांनी तेरा दिवस धरणं धरलं. दोन विभागांतली सफाई खासगी कंपनीकडे देण्याला त्यांचा विरोध होता. धरणं धरणाऱ्यांत बहुतांश दलित बायका. १३ ऑगस्टच्या रात्री पोलिसांनी त्यांना उचललं. टीव्हीवर चर्चा चालली ती कचरा साचल्याची, वाहतूक अडल्याची, न्यायालयाच्या आदेशाची. या बायका वर्षानुवर्षं झाडतात, तरी कायम का होत नाहीत? कायम आणि कंत्राटी यांच्यामधली रेघ कोणत्या वस्तीतून जाते? हे विचारणारे थोडे होते. कामगार बायकांशी बोलताना त्याही मला हटकतात, "हे लिहून आम्हाला काय मिळणार, पोरी?" या प्रश्नापुढे मी गप्प बसत नाही. सांगते की उद्या कोर्टात, आयोगापुढे, विधानसभेत तुमच्या कामाचा कागद लागेल, आणि तो कागद आज कोणी लिहिला नसेल तर ठेकेदाराचाच कागद खरा धरला जाईल.

आयोगासमोर हुंदका चालत नाही, पुरावा चालतो. हे आपल्या माणसांना फार आधी कळलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शूद्र शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हा हिशेब त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, ती मताधिकार आणि प्रतिनिधित्वाबद्दल. समाज एकसंध नसतो, त्यात एकमेकांपासून तुटलेले गट असतात, म्हणून प्रतिनिधित्वही त्या वास्तवाला धरून असलं पाहिजे, ही त्यांची बाजू होती. कोलंबियात शिकलेला समाजाचा अभ्यास तीन वर्षांत अस्पृश्यांच्या राजकीय हक्काची मागणी होऊन उभा राहिला. काय दिवे लावणार, याचं हे उत्तर नोंदलेलं आहे.

काही लोक म्हणतात, हे समाजशास्त्र वगैरे पाश्चात्त्य खूळ आहे. त्यांना एक तारीख सांगावी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा. धर्म कोणाचा, ग्रंथ कोणाचे, जमीन कोणी हिसकावली, बाळंतपणात आमच्या बायांचे हाल का होतात, हे सगळं त्या पोरीने एका निबंधात विचारलं. ज्यांना समाजशास्त्राचे जनक म्हणून आपण परीक्षेत पाठ करतो, त्यांतल्या एमिल दुर्खाइमचा जन्म १८५८चा. मुक्ताचा निबंध त्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधीचा. इकडे मद्रासमध्ये १९०७ साली अयोत्तिदास पंडितांनी ‘ओरु पैसा तमिळन’ हे साप्ताहिक काढलं. एका पैशाच्या त्या पत्रातून त्यांनी अस्पृश्यांचा विसरवला गेलेला बौद्ध इतिहास उकरून काढायला घेतला. बाबासाहेबांचं ‘जातिसंहार’ १९३६ मध्ये छापून आल्यावर पेरियारांनी ते लगेच तमिळमध्ये आणलं. ही सगळी समाजाभ्यासाचीच परंपरा आहे, आणि ती आपल्या पैशाने, आपल्या भाषांत उभी राहिलेली आहे. विद्यापीठाने तिला अभ्यासक्रमात उशिरा घेतलं, हा विद्यापीठाचा उशीर.

या परंपरेला घाबरणारे आजही आहेत. एप्रिल २०१४ मध्ये आयआयटी मद्रासमध्ये विद्यार्थ्यांनी आंबेडकर पेरियार स्टडी सर्कल सुरू केलं. इंजिनिअरिंगच्या संस्थेत बसून मुलं जात, शेतकरी, भाषा, कामगार कायदे यांवर चर्चा करू लागली, पत्रकं काढू लागली. कोणीतरी निनावी तक्रार थेट दिल्लीला मंत्रालयात पाठवली. मंत्रालयाने ती संस्थेकडे धाडली. २२ मे २०१५ रोजी संस्थेने या गटाची मान्यता काढली. देशभर विद्यार्थी उठले, आणि ७ जूनला मान्यता परत द्यावी लागली. त्या आवारात यंत्रमानव बनवणारे, गाणी म्हणणारे, नाटक करणारे किती गट असतील. निनावी पत्र वाचनाच्या गटाविरुद्ध गेलं. तक्रार करणाऱ्याला समाजाभ्यासाची किंमत आपल्या मामांपेक्षा चांगली ठाऊक होती, असंच म्हणावं लागेल.

तिसरी गोष्ट आपल्याच लोकांशी. आपल्यावर अभ्यास होतच असतो. आपल्या वस्त्यांत प्रश्नावल्या येतात, आपल्या आयांच्या मुलाखती होतात, आपल्या दुःखाची टक्केवारी निघते, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं असतं. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तल्या लेखात भारतीय सामाजिक शास्त्रांतल्या या वाटणीवर बोट ठेवलं. सिद्धांत मांडणारे एकीकडे, माहिती गोळा करणारे दुसरीकडे, आणि या वाटणीलाही जात आहे. पुण्यात शर्मिला रेगे यांनी दलित बायांची आत्मकथनं ज्ञान म्हणून वाचायला लावली, नुसती करुण कहाणी म्हणून नाही. ती वाट अजून अरुंद आहे. आपण त्या वाटेने गेलो नाही, तर आपण कायम उत्तरं देणारे राहू. प्रश्न कोणते विचारायचे, हे दुसरे ठरवतील.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, बाई, तुझी फेलोशिप आहे म्हणून सुचतंय. बरोबर आहे. फेलोशिप नसती तर मी आज परभणीत कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहीत असते. म्हणूनच मी कोणाला ‘नोकरी सोड, एमए कर’ असं सांगत नाही. ज्या घरात पहिला पगार यायचा आहे, त्या घरातल्या मुलीने नर्सिंग केलं, डिप्लोमा केला, बँकेची परीक्षा दिली, तर ती काही कमी शहाणी नाही. उलट भूक आणि अभ्यास यांतलं एकच निवडायला लावणं हीच खरी गंमत आहे. सधन घरातल्या मुलाला असं निवडावं लागत नाही. तो इतिहासही शिकतो, परदेशातही जातो, आणि परत येऊन आपल्यावर पुस्तक लिहितो. फेलोशिप ही मेहरबानी नाही, हा भेद कमी करायचा तो एक साधा उपाय आहे. ती वेळेवर, दर महिन्याला आणि विषयावर अट न घालता मिळाली पाहिजे. सारथी, बार्टी, महाज्योती अशा वेगवेगळ्या दारांत उभं करून आपल्याला एकमेकांशी भांडायला लावतात. या मागणीवर तरी आपण एका रांगेत उभं राहायला हवं.

आणखी एक गंमत बघा. जे मित्र समाजशास्त्राला टाइमपास म्हणतात, तेच पुण्याच्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेसाठी समाजशास्त्राच्या नोट्स पाठ करतात. फुले तिथे दोन मार्कांना येतात, ‘सत्यशोधक समाजाची स्थापना: २४ सप्टेंबर १८७३’. ही तारीख लक्षात राहते. सत्य शोधायचं कसं, हे मात्र राहून जातं. पद मिळालं की याच मित्रांच्या टेबलावर वस्तीच्या पाण्याची फाइल येणार आहे. तेव्हा नोट्स कामाला येणार नाहीत.

तर करायचं काय? पदवी कुठलीही असू दे, चार गोष्टी कोणालाही करता येतात. तुमच्या ऑफिसात, कारखान्यात, दवाखान्यात कायम कोण आणि कंत्राटी कोण, याची यादी करा. गावातल्या ओलिताच्या जमिनी कोणाच्या नावावर आहेत, ते सातबारा बघून लिहा. आजीला विचारा, तिच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे आणि तिला कुठे उभं राहावं लागायचं. जे लिहाल त्यावर तारीख टाका, आणि मराठीत लिहा, म्हणजे जिची गोष्ट आहे तिला ती वाचता येईल, निदान वाचून दाखवता येईल. आम्ही जे पीएचडी करतो, त्यांचं काम याहून जास्त आहे. आमचा प्रबंध इंग्रजीत विद्यापीठाच्या कपाटात गेला आणि वस्तीत एक पानही परत आलं नाही, तर आम्हीही त्या प्रश्नावलीवाल्यांतलेच झालो.

हे आत्ताच का करायचं? एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर अशी पूर्ण जातवार जनगणना झालेली नाही. २०११ मध्ये जातींची माहिती गोळा केली, ती जातवार कधी छापलीच नाही. आता जनगणना २०२७ ची आहे. यावेळी जातींची यादी कोण करणार? पोटजाती कशा जोडणार, कशा तोडणार? आकडे आल्यावर ते कोण वाचणार आणि कोणाच्या बाजूने मांडणार? १९१३ चे आकडे एका इंग्रज अधिकाऱ्याने मांडले होते. यावेळी आकड्यांच्या समोर बसणारी माणसं आपली हवीत. त्यासाठी संख्याशास्त्र जाणणारी मुलगी पाहिजे, कायदा जाणणारा मुलगा पाहिजे, आणि जात नेमकी कशी चालते हे शिकलेली दहा-वीस हजार पोरंपोरी पाहिजेत. त्या खोलीत आपलं कोणी नसेल, तर त्या आकड्यांचा अर्थही आपल्याला तयार करून दिला जाईल, आणि आपण तो परीक्षेसाठी पाठ करत बसू.

तुमच्या घरात यंदा कोणी बारावी झालं असेल आणि त्याला किंवा तिला इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र घ्यायचं असेल, तर कृपा करून हसू नका. फॉर्म भरताना शेजारी बसा. मामा ओरडले तर त्यांना हा लेख वाचून दाखवा.

जय भीम, जय जोती.